पुलाअलीकडचे दोनशे नऊ

१७ ऑगस्ट, रविवार

माझं शिवणयंत्र मला न विचारता उचलून कोठारात नेऊन टाकलं. चाळीस वर्षं ते त्या खिडकीशी होतं. कोठारात उंदीर आहेत हे लोरीनला चांगलं ठाऊक आहे, लहानपणी त्यांना नावं ठेवून खेळलेली आहे ती. पण माझ्या लेकीच्या मनात एकदा काही आलं की आई म्हणजे घरातलं आणखी एक जड सामान.

हे झालं गाऱ्हाणं. आता वहीला नमस्कार.

ही वहीसुद्धा लोरीननेच आणली. रोज तारीख टाकायची आणि खाली एकच ओळ लिहायची: डेलनी इथे झोपली. जास्त काही लिहू नकोस, असं बजावून गेली. मला असं बजावणारी ही दुसरी. पहिली मिसेस क्रौस, सहावीची बाई. तिच्यानंतर मी शाळेत गेलेच नाही, सफरचंदं खोक्यात भरायच्या शेडमध्ये गेले.

डेलनी माझी नात. सोळा वर्षांची, यंदा अकरावीत. तिचं घर नदीपलीकडे, लाकडी पूल ओलांडून चार मैल, म्हणजे मेरीलँडात. माझं अलीकडे, वेस्ट व्हर्जिनियात. भांडी घासताना मला मेरीलँडची झाडं दिसतात, आमच्याच झाडांसारखी. पण ऑक्टोबरात अकरावीच्या पोरांची सगळ्या देशाची एक परीक्षा असते. तीत वरचे गुण पडले तर कॉलेजची चारही वर्षं फुकट. आणि वरचे म्हणजे किती, हे ज्या त्या राज्याचं वेगळं. गेल्या वर्षी मेरीलँडची रेघ दोनशे चोवीसवर होती, आमची दोनशे नऊवर. तिकडे राजधानीजवळ वकील-डॉक्टरांची पोरं राहतात, सातव्या वर्षापासून शिकवण्या लावलेली. ती रेघ वर ओढतात, आणि डोंगरातल्या डेलनीला त्यांच्याच रांगेत उभं राहावं लागतं. तिला सरावाच्या परीक्षांत दोनशे सोळा-सतरा पडतात. पुलापलीकडे त्याची किंमत शून्य. पुलाअलीकडे भरपूर.

रेघ लागते ती शाळेवरून. म्हणून पोरगी वर्षभर माझ्याकडे राहणार आणि इथल्या शाळेत जाणार.

मी लोरीनला विचारलं, ही लबाडी नाही ना? म्हणाली, "नियमात बसतं, आई." माणूस असं केव्हा म्हणतो ते मला ठाऊक आहे.

डेलनी इथे झोपली. शिवणाच्या खोलीत, फ्रीजरशेजारी. तो सारखा घुरघुरतो. आत हरणाचं मांस आहे, बंद करता येत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

डेलनी इथे झोपली. बीन्स औषध घेतल्यासारखे गिळले, मक्याच्या पावाला हात लावला नाही. विचारलं, शाळा कशी आहे? लहान आहे म्हणाली. पोरं कशी आहेत? एकमेकांना ओळखतात म्हणाली. मग तूही ओळख करून घे म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला छपरावर झोपायला सांगितलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

शाळाखात्याचा माणूस येऊन गेला. पोरगी खरंच इथे राहते का बघायला. पलीकडची पोरं खोटा पत्ता देऊन इकडे फुटबॉल खेळायला येतात म्हणे, म्हणून तपासणी. पातळ मिशीचा, पाय न पुसता आत आला. पलंग बघितला, कपाट उघडलं, मग न्हाणीघरात जाऊन तिच्या टूथब्रशला अंगठा लावला, ओला आहे का म्हणून. मी म्हटलं, माझ्या कवळीच्या पेल्यातही बोट घालून बघा, तीही इथेच राहते. हसला नाही. वहीत काहीतरी टिपून गेला. एका पोरीवर आता दोन वह्या.

लोरीन फोनवर खूश होती. ती खूश आहे असं बघून मी ओहायोचा विषय काढला. माझ्या बहिणीचं, आयलीनचं, शुक्रवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे, चार दिवस जाऊन येते म्हटलं. लोरीन म्हणाली वर्षभर तू घर सोडायचं नाहीस. तू नसलीस तर पोरगी कोणाकडे राहते म्हणून सांगायचं?

आर्डिथ, म्हणजे मी, इथे झोपली. डेलनी इथे झोपली.

११ सप्टेंबर, गुरुवार

जुन्या शाळेत डेलनी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. वाद्य शाळेचं, तिथेच राहिलं. इथल्या शाळेत बँड नाही. एक ढोल आहे, आणि तो बडवणारा पोरगा गेल्या वर्षी पास होऊन गेला. ही संध्याकाळी पायरीवर बसते आणि माझ्या लाकडी चमच्यावर बोटं चालवते. आवाज काही नाही, नुसती बोटं. बघून डोकं फिरतं. रस्सा ढवळायचा चमचा आहे तो.

दुसरं वेड म्हणजे फोनवर नदी बघते. पुलाजवळ सरकारने एक मोजणीचा खांब लावलाय, पाणी किती फूट आहे ते सांगणारा. उठली की आधी ते. आज तीन फूट. मी म्हटलं खिडकीतून बघ, नदी आहे तिथेच आहे. म्हणाली, "खिडकीतून परवाची नदी दिसत नाही, आजी." फोनवर तीन दिवस पुढचं पाणी दिसतं म्हणे.

डेलनी इथे झोपली.

२० सप्टेंबर, शनिवार

पोरीला एकदाची मैत्रीण मिळाली. जोनेल, फ्लॉसीची नात. पूल फ्लॉसीच्या घराण्याचा. ती टपरीत बसते आणि लांब काठीच्या टोकाला बांधलेला पत्र्याचा मग गाडीच्या खिडकीशी धरते, त्यात टोल टाकायचा. सुट्टीच्या दिवशी काठी जोनेलकडे. एका हातात काठी, मांडीवर पुस्तक. डेलनी आज चार तास त्या टपरीत होती. आली ती चक्क बोलत आली.

जोनेल हुशार आहे म्हणाली. आपल्याहून हुशार, फक्त तिला कोणी शिकवलेलं नाही. सरावात तिला दोनशे नऊ पडले, एकदा दोनशे दहा. कॉलेजला जायचं तर हा एकच रस्ता. बापाच्या फुप्फुसात खाणीची धूळ, आई कुठे आहे ते फ्लॉसीलाही माहीत नाही. पुढे जाऊन पूल बांधायला शिकणार आहे. फ्लॉसी म्हणते, बांध, पण बुडणारा बांध, नाहीतर मला सुट्टी कशी मिळायची? पाणी नऊ फुटांवर गेलं की तो पूल बुडतो, तेव्हा ती टपरीला कुलूप लावून घरी जाते.

मग जेवताना डेलनीने मला ती रेघ कशी मारतात ते समजावलं. ह्या राज्यातून सत्तरएक पोरं घ्यायची हे आधीच ठरलेलं. सगळ्यात वरच्या गुणांपासून खाली मोजत यायचं, सत्तर भरले की तिथे रेघ. मी म्हटलं बरंच आहे, तू वरच्यांत बसशील. ती म्हणाली हो. मी म्हटलं, मग तोंड का असं केलंस? म्हणाली, "मी वर बसले की खालून एक जण पडतं."

मी म्हटलं एकीने काय फरक पडतो.

"रेघ एकीनेच सरकते, आजी. कोणीतरी सत्तरावी असतेच."

हिशोबाची पोरगी. बापावर गेली आहे. पाव तिसऱ्यांदा मागून घेतला.

डेलनी इथे झोपली.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज सफरचंदाचा मुरंबा. अंगणात तांब्याची कढई चढवली, तळाशी पाच-सहा तांब्याची नाणी टाकली, ती फिरत राहिली की तळ धरत नाही. तरी ढवळणं थांबवायचं नाही, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. डेलनी आणि जोनेल आळीपाळीने लांब वल्हं फिरवत होत्या. मी खुर्चीत बसून चुका काढत होते. चांगला दिवस गेला म्हणायचा, शेवटपर्यंत.

जोनेलने विचारलं, तुमच्या भिंतीवर त्या निळ्या फिती कसल्या? म्हटलं जत्रेत पहिलं येणाऱ्याला देतात त्या, आणि मग त्यांना जिल्ह्याच्या जत्रेतली गोष्ट सांगितली. सदतीस वर्षं झाली. हॅमच्या, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांडीच्या, स्पर्धेत आयोन नावाची बाई पहिली आली. हॅम झकास होतं, मी चाखलं, खोटं कशाला बोलू. पण आयोन राहायची पलीकडे, मेरीलँडात. बहिणीचा अलीकडचा पत्ता देऊन तिने नाव घातलं होतं. तिकडच्या जत्रेत दीडशे हॅम, आपल्याकडे वीस. हिशोब उघड आहे. दुसरी आली होती आमची मॅक्सीन, जिने वर्षभर एका डुकराला जीव लावला होता. ती तंबूमागे जाऊन उभी राहिली होती, भिंतीकडे तोंड करून, तंबूला कुठली भिंत, कापडाकडे तोंड करून. मी सरळ परीक्षकांकडे गेले आणि पत्त्याचं सांगितलं. आयोनची फीत काढून मॅक्सीनला दिली. आयोनची बहीण अजून माझ्याशी बोलत नाही, देवाची कृपा.

जोनेल पोट धरून हसली. डेलनीने विचारलं, आयोनला माहीत होतं का, दुसरी कोण आहे ते? मी म्हटलं ते मला कसं ठाऊक असणार, आणि तू ढवळ. पण तिचं वल्हं थांबलेलं होतं. किती वेळ कोणास ठाऊक. मुरंब्याने तळ धरला. चौतीस बरण्या, सगळ्यांना जळका वास.

डेलनी इथे झोपली. मी तिच्याशी बोलले नाही. जळकं मला खपत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

बुधवारी परीक्षा. सांधे धरलेत, दक्षिणेकडून वादळाचं शेपूट येतंय म्हणून. रोज पेन धरवत नाही, म्हणून ह्या आठवड्याच्या ओळी आत्ताच लिहून टाकते, नाहीतरी रोज तेच.

१३ ला डेलनी इथे झोपली. १४ ला डेलनी इथे झोपली. १५ ला डेलनी इथे झोपली. १६ ला डेलनी इथे झोपली. १७ ला डेलनी इथे झोपली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वर लिहिलंय ते चुकलं. डेलनी आज पलीकडे गेली. लोरीनचा वाढदिवस. डेलनीनेच आग्रह धरला, फक्त जेवण आणि एक रात्र, नाहीतर आईला वाईट वाटेल. लोरीनला वाढदिवसाचं कधी काही वाटलेलं मला आठवत नाही. पण पोरगी आठ आठवडे तोंड मिटून राहिली, म्हटलं जा. लोरीन घेऊन गेली, उद्या सकाळी साडेसहाला पुलावरून परत आणून शाळेत सोडणार.

जाताना डेलनीने फोन बघितला. आठ फूट, चढतंय, असं म्हणाली. मी म्हटलं जपून. तिने दारात मला मिठी मारली. हात ओले होते माझे, तरी.

१५ ऑक्टोबर, बुधवार

लोरीनचा दुपारी फोन. सकाळी डेलनी म्हणाली की आत्ताच बघितलं, पूल उघडा आहे. म्हणून ह्या निवांत निघाल्या. पुलाशी येतात तो पूल कुठला, नुसतं तपकिरी पाणी आणि फ्लॉसीच्या टपरीला कुलूप. वरच्या मोठ्या पुलाकडे वळल्या, तर तिकडे जाणारा सखल रस्ताही पाण्यात. साडेसात झाले. लोरीन गाडीत रडायला लागली. तेव्हा डेलनी म्हणे अगदी शांत होती. म्हणाली आई, हीच परीक्षा आज माझ्या जुन्या शाळेतही आहे, तिथे जाऊ.

आणि तिथले लोक बघा. मिस प्रूइट म्हणून सल्लागार बाई आहेत, त्यांनी दारातच हिला घेतलं. हिच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची तयार. लोरीन म्हणाली, "आई, इतक्या कमी वेळात! मी नुसती बघत राहिले." मी म्हटलं मोठ्या शाळेत तत्परता असते, उगाच नावं ठेवते मी त्यांना.

तर परीक्षा झाली. गुण ते गुण, अलीकडे काय नि पलीकडे काय. संध्याकाळी पाणी उतरलं नाही. डेलनी इथे झोपली नाही. आजही नाही.

फ्रीजर घुरघुरतो. आता मला त्याच्याशिवाय झोप येत नाही असं दिसतंय, दार उघडं ठेवून झोपते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

डेलनी इथे झोपली. आली ती हसत आली आणि जळक्या मुरंब्याची अर्धी बरणी पावाला लावून संपवली. ह्या पोरीला चव नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

निकाल लागला. डेलनीला दोनशे सतरा.

जोनेललाही कळलं. दोनशे नऊ. टपरीत फ्लॉसीने तिला काठीने ढोसून विचारलं म्हणे, बरं की वाईट? जोनेल म्हणाली माहीत नाही, सप्टेंबरात रेघ लागेल तेव्हा कळेल. दहा महिने पोरीने त्या आकड्यावर एका पायावर उभं राहायचं.

मी केक करायला घेतला. अंडी फोडत होते तेवढ्यात लोरीनचा फोन. तिने निकालाचा कागद शेवटपर्यंत वाचला होता, तसा आमच्यात कोणी वाचत नाही. खाली लिहिलं होतं, राज्य: मेरीलँड. तिथल्या शाळेने तिला आपलीच विद्यार्थिनी म्हणून बसवलं होतं. म्हणजे दोनशे सतरा त्या दोनशे चोवीसच्या रांगेत गेले. म्हणजे काही नाही. ऑगस्टपासून जे केलं ते सगळं पाण्यात, आणि हे मी बोलायचं म्हणून बोलत नाही, खरंच पाण्यात.

लोरीन किंचाळत होती. मी फोन लांब धरला. डेलनी टेबलाशी होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा." बस, अच्छा. मग विचारलं, केक करणार आहेस ना तरी?

डेलनी इथे झोपली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लोरीन इतक्यात हार मानणारी नाही, ते माझ्याकडून आलंय. इथल्या हेडमास्तरांना, बोवर्सना, जाऊन भेटली. ते म्हणाले दुरुस्ती होऊ शकते. पोरगी त्या दिवशी आमच्या पटावर होती हे खरंच आहे. ती पुरामुळे अचानक पलीकडे अडकली, एवढं घरच्यांनी शपथेवर लिहून द्यायचं. मग शिष्यवृत्तीच्या कचेरीतून घरी फोन येईल, दोन-चार प्रश्न विचारतील, आणि नाव इकडच्या यादीत. सरळ वर जाऊन बसेल.

घरच्यांनी म्हणजे मी. पालक म्हणून ऑगस्टात सही माझी आहे.

डेलनीला म्हटलं, सुटलीस बघ, होतंय तुझं काम. ती उठून पायरीवर जाऊन बसली. थंडी मरणाची. चमचा आत राहिला होता, तरी बोटं चालूच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

हरणांच्या शिकारीचा आठवडा, शाळा बंद. डोंगरातून बंदुका ऐकू येतात. लोरीन दुपारी आली, वृद्धाश्रमातली पाळी संपवून तशीच, अंगावर कामाचे कपडे. टाइप केलेला कागद घेऊन आली. त्यात लिहिलेलं की मुलगी कायम माझ्या घरी राहते, त्या रात्री अनपेक्षित पुरामुळे ती पलीकडे अडकली, पूर येणार याची कोणालाही कल्पना नव्हती.

मी म्हटलं वाचून सही करीन. तशी ती खुर्चीत बसली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली नाही. "मी अठरा वर्षांची असताना तू मला शेडमध्ये घेऊन गेलीस, आई," म्हणाली. "मी काही बोलले नाही. मला एकच मुलगी आहे. तिला खोक्यात सफरचंदं भरताना मी बघणार नाही."

ती शेड बंद होऊन अकरा वर्षं झाली. पण ते तिला सांगितलं नाही. कॉफी दिली. तिने पुरावा म्हणून वहीही मागितली, त्या तारखेची ओळ दाखवायला. मी म्हटलं वही नीट करून देते. मंगळवारी चार वाजता फोन यायचा आहे. तोपर्यंत कागद आणि वही तयार ठेव म्हणाली.

डेलनी सगळा वेळ तिच्या खोलीत होती. दार बंद, पण त्या दाराला खाली बोटभर फट आहे. तिच्या पायांची सावली दिसत होती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ओळ शोधायला वही पहिल्यापासून वाचली. माझं अक्षर वाईट आहे, पण मी लिहिलेलं मला कळतं. १४ ऑक्टोबर, डेलनी इथे झोपली, असं आहे. त्याखाली ते चुकलं म्हणून दुसरं आहे. त्याच्याआधी फोनवर तीन दिवस पुढचं पाणी दिसतं, असं मीच लिहिलंय. नऊ फुटाला बुडतो, हेही मीच. आठ फूट आणि चढतंय. सकाळी म्हणाली पूल उघडा आहे. खुर्चीवर चिठ्ठी.

मी सहावीपर्यंत शिकले. पण पाणी चढतंय की उतरतंय, एवढं समजतं.

बटाटे सोलत बसले आणि तिला हाक मारली. आली. मी विचारलं, तुला पूल बुडणार ठाऊक होतं?

 ती माझ्या हातातला बटाटा बघत होती. मग म्हणाली, "आजी, त्या आयोनची तक्रार तू का केलीस? हॅम तर चांगलं होतं."

"कारण ती इथली नव्हती."

"हं," म्हणाली.

मग माझ्या हातातला बटाटा आणि सुरी घेऊन सोलायला लागली. सालं जाड काढते, अर्धा बटाटा वाया. ते मी बोलले.

नंतर तिने विचारलं, आईचा कागद कुठे आहे? मी म्हटलं पिठाच्या डब्यामागे आहे, सही केलेली नाही. कर किंवा करू नकोस असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. कुठल्या बाजूने बघावं ते कळत नाही. सही केली तर पोरगी कॉलेजात आणि तिची मैत्रीण काठी धरून टपरीत, जन्मभर. नाही केली तर माझीच लेक माझ्या दारात पाय ठेवणार नाही, आणि तिचं चुकलं असंही म्हणता येत नाही. डोळे मिटले की मॅक्सीन दिसते, कापडाकडे तोंड करून. सदतीस वर्षं मी ही गोष्ट हसवायला सांगते.

डेलनी इथे झोपली. दाराखालची फट मी टॉवेल लावून बुजवली, वारा येतो म्हणून.

१ डिसेंबर, सोमवार

लोरीन, तू वही मागितली होतीस, ही घे. नीट करून देते म्हटलं होतं, केलेली नाही. जसं लिहिलंय तसं आहे. तू म्हणाली होतीस जास्त लिहू नकोस. तिथे चुकलं माझं.

पूर्ण वाच. निकालाचा कागद वाचलास तसा, शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर मला शिव्या द्यायच्या असतील तर बुधवारी दे, बुधवारी मी मोकळी आहे.

तुझ्या कागदावर मी सही केलेली नाही. फाडलेलाही नाही. डब्यामागे आहे. त्यात लिहिलंय की पूर येणार याची कोणालाही कल्पना नव्हती. ते खरं आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि तूही नाही. ज्या एका माणसाला सांगता येईल ते आत्ता फ्रीजरवर बोटं आपटत बसलंय.

पोरगी म्हणाली जूनपर्यंत इथेच राहीन, परीक्षा कुठल्याही राज्यात मोजली तरी. कारण विचारू नकोस, मी विचारलं नाही. म्हणून शिवणयंत्र कोठारातच राहू दे. त्यावर काहीतरी घाल मात्र, उंदीर पट्टा कुरतडतील.

उद्या चार वाजता फोन वाजेल. तू वेळेवर ये, माझ्याशेजारी बस, आणि हात मांडीवर ठेव. तू उचलायचा नाहीस. मी उचलणार नाही. कितीही वेळा वाजला तरी दोघींपैकी कोणी उठायचं नाही. डेलनी उचलेल, आणि ते काय विचारतील त्याचं उत्तर डेलनीनेच द्यायचं.